खाडीवर यायचं तर तिथी बघून ये

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

मैत्रिणींना घेऊन ठाणे खाडीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला कधी येऊ, असं विचारलंस. रविवार बघून ठरवू नकोस, तिथी बघ. ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटीला पाणी लागतं आणि रोहितांना चिखल, दोन्ही जुळायला हवं. आपल्याकडचे कोळी तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. दशमीला साडेसात. म्हणजे फाल्गुन शुद्ध दशमीला सकाळी भरती होऊन पाणी उतरू लागेल, नऊनंतर तिवरांच्या कडेचा चिखल उघडा पडेल आणि थवे तिथे उतरतील.

आपल्याकडे दोन जातींचे रोहित येतात. मोठ्याची चोच फिकट गुलाबी, टोकाला काळी. धाकट्याची गडद लाल. धाकटा मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि जिभेने पाणी आत-बाहेर करत सूक्ष्म शेवाळ गाळून घेतो. गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो. थव्यात करडे दिसतील ते आजारी नव्हेत, पिल्लं आहेत. यांची घरटी कच्छच्या रणात, चिखलाच्या ढिगाऱ्यावर एकच अंडं. पाऊस जवळ आला की बहुतेक तिकडे परततात.

शहराच्या सांडपाण्यामुळे खाडीत शेवाळ वाढतं हे खरं. पण म्हणून सांडपाणी चांगलं, असं कुणी म्हणालं तर मान्य करू नकोस. ते वाढत गेलं की पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासळीवर गदा येते.

सगळ्यांचे कॅमेरे रोहितांकडेच असतात. तू उचाट्या शोध. काळा-पांढरा, चोच वर वळलेली, ती पाण्यात डावी-उजवी फिरवत चालतो. आणि चिखलात निवट्या बघ. मासा असून पाण्याबाहेर येतो, परांवर सरपटतो, मध्येच उडी मारतो. मला तर तो रोहिताइतकाच आवडतो.

२०१५ साली खाडीचा हा भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. पण भरतीत चिखल बुडाला की रोहित नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर जातात, आणि ती तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. खाडीचं पाणी तिथे यायची वाट बुजली तर तळं सुकतं, मग या पक्ष्यांनी भरतीचे तास काढायचे कुठे? मला याची फार काळजी वाटते. दुपारी तुम्हाला तिकडेही नेईन. तोवर ओहोटी लागलेली असेल, पक्षी थोडेच दिसतील, पण जागा बघायलाच हवी.

बोटीत कुणी फोटोसाठी थवा उडवायला सांगितलं तर सरळ नाही म्हण. उडण्यात त्यांचा चरण्याचा वेळ जातो, आणि ओहोटीचे तास मोजकेच.

दुर्बीण घरी आहे, आणू नकोस. टोपी मात्र आण. किती जणी येताय ते लवकर कळव, बोटीची जागा आधी धरावी लागते.

तुझी,
आई