आई-बाबा, कॅमेऱ्यासमोर याल का?

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

एक गोष्ट विचारायची आहे. फोनवर विचारली असती, तर "त्यात काय विचारायचं, ये की कॅमेरा घेऊन" असं म्हणून तुम्ही दोघं मोकळे झाला असतात. म्हणून मुद्दाम लिहिते आहे. शेवटपर्यंत वाचा, एकमेकांशी बोला, दोन-चार दिवस जाऊ द्या आणि मगच कळवा.

मला तुमचं चित्रण करायचं आहे. घरात जपून ठेवायला नाही, विकायला.

बाबा, तुमचा नेहमीचा प्रश्न आधी घेते: हे असले तुकडे विकत घेतं तरी कोण? समजा, एखादा माणूस डोळ्यांच्या आरोग्यावर माहितीपट करतो आहे. त्याला वयस्क माणूस बारीक काम करताना दिसेल असं सहा-सात सेकंदांचं दृश्य हवं आहे. तेवढ्यासाठी माणूस शोधायचा, जागा बघायची, कॅमेरामन बोलवायचा, हे त्याला परवडत नाही. मग तो स्टॉक फुटेजच्या साइटवर शोधतो, पैसे भरतो आणि तयार क्लिप उतरवून घेतो. जाहिरातवाले, बातम्यांची चॅनेलं, शिकवण्या घेणारे, कंपन्यांचे प्रसिद्धी विभाग, सगळे हेच करतात. तुम्ही टीव्हीवर बघता त्यातलं कितीतरी असं दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच कशासाठी तरी टिपलेलं असतं.

कल्पना जुनीच आहे. ब्रिटिश पाथे या कंपनीनं १९१० पासून १९७० पर्यंत सिनेमागृहांसाठी बातमीपट काढले. तो सगळा साठा जपला गेला, आजही त्यातली दृश्यं परवाना घेऊन वापरली जातात, आणि २०१४ मध्ये त्यातल्या ८५,००० फिल्म्स यूट्यूबवर बघायला खुल्या झाल्या. बदललं ते एवढंच, की पूर्वी असा साठा फक्त मोठ्या संस्थांकडे असायचा. २००० मध्ये आयस्टॉकफोटो, २००३ मध्ये शटरस्टॉक, २००६ मध्ये पॉन्ड५ आणि २०१५ मध्ये ॲडोबी स्टॉक अशा साइट्स आल्या, आणि माझ्यासारख्या एकटीनं काम करणाऱ्या माणसालाही त्याच बाजारात जागा मिळाली.

मी क्लिप विकते असं म्हणते खरी, पण क्लिप माझीच राहते. कॉपीराइट माझा. मी विकते तो ती वापरायचा परवाना, म्हणून एकच क्लिप आज एकाला, पुढच्या वर्षी तिघांना जाऊ शकते. आई, तू म्हणतेस ना, "कधीचं काम आणि आत्ता कसले पैसे आले?" ते हेच. ॲडोबी स्टॉक व्हिडिओच्या विक्रीतले ३५ टक्के चित्रण करणाऱ्याला देतं. शटरस्टॉकवर वर्षभरात किती विक्री झाली त्यावर १५ ते ४० टक्क्यांपर्यंत पायऱ्या आहेत, आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. त्यामुळे "महिन्याला किती?" याला माझ्याकडे एक आकडा नाही. बहुतेक क्लिप नुसत्या पडून असतात, थोड्या कधीमधी जातात, आणि दोन-चारच अशा असतात की घर त्यांच्यावर चालतं. याची तुम्हाला काळजी वाटते हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मी लग्नसमारंभाची आणि कंपन्यांची कामं सोडलेली नाहीत. पण मला मनापासून आवडतं ते हेच काम, कारण यात काय बघायचं हे मी ठरवते.

आता तुमच्याकडे येते.

या साइट्सवर वयस्क माणसं शोधली की दोनच प्रकार सापडतात. एक, पांढरेशुभ्र केस, लख्ख दात, समुद्रकिनाऱ्यावर धावणारं जोडपं. दुसरा, खिडकीशी खुर्चीत बसून बाहेर बघणारं, कुणीतरी टाकून दिल्यासारखं एकटं माणूस. मधलं आयुष्य कुठेच नाही. हे मलाच खटकतं असं नाही. २०१९ मध्ये गेटी इमेजेस या स्टॉक चित्रं विकणाऱ्या कंपनीनं अमेरिकेतल्या एएआरपी या ज्येष्ठांच्या संस्थेबरोबर १,४०० हून अधिक चित्रांचा संग्रह काढला, तो याच ठरीव साच्यावर उपाय म्हणून. तरी नेमाने बारीकसारीक कामं करणारी, आपलं आपण निभावणारी माणसं अजून फार कमी दिसतात.

आई, तू सुईत दोरा ओवतेस तेव्हा मी कितीदा तरी नुसती बघत बसले आहे. दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करतेस, दोन बोटांत वळून त्याला टोक काढतेस, सुई उजेडाकडे नेतेस. हात जरा थरथरतो. मग तू मनगट दुसऱ्या मनगटावर टेकवतेस आणि थरथर तिथल्या तिथे थांबते. नेढं तुला धड दिसत नाही, तरी दोरा जातो. हे सगळं कुणी मॉडेल करून दाखवू शकणार नाही. मला ते हवं आहे. बाबा, तुमचं चष्मा पुसणं, वहीत ओळीवर पट्टी ठेवून हिशेब लिहिणं, बुटांच्या नाड्या बांधणं, हे हवं आहे.

चित्रण कसं होईल तेही सांगते. क्लिप ५ ते ६० सेकंदांची लागते, त्यामुळे एकेक गोष्ट थोडाच वेळ करायची, पण तीन-चारदा: एकदा लांबून, एकदा मधून, एकदा अगदी जवळून. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल. दिवे लावणार नाही. दिव्यांचा उजेड विजेच्या प्रवाहाबरोबर कमीजास्त होत असतो, आपल्याला ते दिसत नाही, पण शटरचा वेग त्याच्याशी जुळला नाही तर चित्रात पट्टे सरकतात. खिडकीतला सकाळचा उजेड पुरेल. फ्रेममध्ये एका बाजूला मी मोकळी जागा ठेवीन, तिथे घेणाऱ्याला आपली अक्षरं टाकता येतात. आवाज मी काढूनच टाकते, तेव्हा काम करताना तुम्ही खुशाल बोला, भांडा, मला सूचना करा.

काही गोष्टी मात्र दिसता कामा नयेत. घड्याळाच्या तबकडीवरचं कंपनीचं नाव, औषधाच्या पाकिटावरची छपाई, वर्तमानपत्र, भिंतीवरचं कुणी काढलेलं चित्र, यातलं काही आलं तर क्लिप परत येते. बाबांनी वर्तमानपत्र वाचतानाचं चित्र मला किती आवडलं असतं! पण त्यातला मजकूर आणि फोटो दुसऱ्याच्या मालकीचे, त्यामुळे जाहिरातीत चालणारी क्लिप त्यातून होत नाही. हे नियम कुठवर जातात बघा: आयफेल टॉवरचं दिवसाचं चित्रण कुणीही विकावं, पण रात्रीच्या रोषणाईला वेगळा हक्क लागू आहे, ती १९८५ ची रचना आहे, आणि तिच्या व्यावसायिक वापराला परवानगी लागते.

आता महत्त्वाचा भाग. मॉडेल रिलीज नावाचा एक कागद असतो. चित्रातला माणूस ओळखू येत असेल तर त्याच्या सहीशिवाय जाहिरातीसाठी क्लिप विकता येत नाही. नुसत्या हातांवरून कोण आहे हे कळत नसेल तर तो कागद लागतोच असं नाही. तरी मी तुमच्याकडून तो घेणार आहे. हात तुमचे आहेत, आणि ते कुठे जाणार हे तुम्हाला कळायला हवं.

सही केली की पुढचं आपल्या हातात फारसं राहत नाही. क्लिप कोण घेतं ते बहुतेक वेळा मलाही कळत नाही. विमा कंपनी घेईल, रुग्णालय घेईल, शिवणयंत्र विकणारा घेईल. उद्या मी ती साइटवरून काढली तरी तोवर ज्यांनी परवाना घेतला त्यांचा वापर चालूच राहतो. परवान्यांत बंधनं असतात, ती मी नीट वाचली आहेत. तंबाखूची जाहिरात, अश्लील काही, राजकीय पक्षाचा प्रचार, किंवा चित्रातल्या माणसालाच अमुक आजार आहे असं भासवणं, हे चालत नाही. पण कागदावरचं बंधन आणि जगातला वापर यांत अंतर असतं, आणि प्रत्येक ठिकाणी मी लक्ष ठेवू शकणार नाही.

हंगेरीत आंद्राश आराटो नावाचे निवृत्त विद्युत अभियंता आहेत. त्यांनी अशाच स्टॉक फोटोंसाठी मॉडेल म्हणून काम केलं. फोटोत हसताहेत, पण डोळ्यांत दुखतंय असं लोकांना वाटलं, आणि २०११ च्या सुमारास त्यांचा चेहरा जगभर थट्टेचा विषय झाला. त्यांना स्वतःला ते नेटवर सापडलं तेव्हा धक्का बसला. पुढे त्यांनी ते मनावर घेणं सोडलं, त्यावर जाहीर भाषणंही दिली. त्यांना ते जमलं. तुमच्या बाबतीत तसं झालं तर तुम्हालाही जमेल असं मी गृहीत धरणार नाही. म्हणून माझं मत सांगते: चेहरा नको. फक्त हात, खांदे, पाठमोरं. आई, तू म्हणशील "मी कुठे कुणाला घाबरते", आणि ते खरंही आहे, पण तरी चेहरा नको.

आणखी एक. या साइट्सवरचं साहित्य आता यंत्रांना चित्रं बनवायला शिकवण्यासाठीही वापरलं जातं. मार्च २०२३ मध्ये ॲडोबीनं फायरफ्लाय हे चित्रं बनवणारं यंत्र आणलं, ते ॲडोबी स्टॉकवरच्या चित्रांवर शिकवलेलं आहे, आणि ज्यांची चित्रं त्यात गेली त्यांना त्याबद्दल काही रक्कम दिली गेली. काही साइट्सवर "माझं साहित्य यासाठी वापरू नका" असं सांगायची सोय आहे, काहींवर नाही. तुमच्या क्लिप मी जिथे नकार देता येतो अशाच ठिकाणी टाकीन. यात विक्री कमी होईल. होऊ दे.

एक गोष्ट मात्र पूर्णपणे माझ्या हातात आहे, ती म्हणजे कीवर्ड. क्लिप टाकताना तिला शब्द जोडावे लागतात, ॲडोबी स्टॉकवर जास्तीत जास्त ४९, शटरस्टॉकवर ५०. घेणारा शब्द टाइप करतो, आणि ज्या क्लिपला तो जोडलेला आहे ती त्याच्यापुढे येते. ॲडोबीत पहिल्या दहांना जास्त वजन असतं. म्हणजे आईच्या हातांना मी 'एकाकी', 'असहाय', 'आजारी' असे शब्द जोडले, तर तसंच काही शोधणारी माणसं ती क्लिप उचलतील. ते शब्द खपतात, हे मी बघितलं आहे. मी ते लिहिणार नाही. मी लिहीन: शिवण, सुई, कौशल्य, सराव, एकाग्रता, अनुभवी हात, सकाळ. यादी टाकायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवीन, नको असलेला शब्द काढून टाकू.

पैशांचं. "पोटच्या पोरीकडून कसले पैसे" हे वाक्य बाबांच्या ओठांवर आलं असणार. पण बहुतेक रिलीजमध्ये मॉडेलला मोबदला पोचला असं लिहिलेलं असतं, आणि त्याखाली तुमची सही असणार. न घेता घेतले असं तुमच्याकडून मी लिहून घेणार नाही. बाहेरच्या मॉडेलला देते तेवढेच तुम्हालाही देईन, चित्रणाच्या दिवशीच, क्लिप विकली जावो न जावो.

तुम्ही वेगवेगळं ठरवा. एकाचं 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असलं तरी काही बिघडत नाही, मी एकाचंच चित्रण करीन. दोघांचं 'नाही' असेल तर मी सुट्टीला येते तशी येईन, कॅमेरा बॅगेतच राहील, आणि हा विषय पुन्हा काढणार नाही. आई, बाबांचं मन बघून 'हो' म्हणू नकोस. बाबा, तुम्हीही माझ्या धंद्याला हातभार लागेल म्हणून 'हो' म्हणू नका. दुसरी माणसं मिळतात मला.

पत्रासोबत रिलीजचा कोरा नमुना पाठवते आहे. इंग्रजीत आहे, म्हणून प्रत्येक कलमाखाली पेन्सिलीनं मराठीत अर्थ लिहिला आहे. तिसऱ्या कलमापाशी थांबून वाचा, तिथे 'कुठल्याही माध्यमात, कायमचं' असं आहे. ते पटलं तरच पुढे जाऊ.

प्रकृती सांभाळा. बाबा, गोळ्या वेळेवर.

तुमची,
लेक

ता. क. सही करायचं ठरलं तर साक्षीदार म्हणून तिसरं कुणीतरी लागेल. चित्रण मी करणार, त्यामुळे माझी साक्ष नको. शेजारच्या काकूंना विचारलंत तर बरं, पण त्यांनाही आधी हे पत्र वाचायला द्या.