अकोटला गाडी उलटी निघाली

पूर्णा,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुध्या,

सा. न. वि. वि. लिहिलं तर तू पुढचं वाचणारच नाहीस, म्हणून थेट सुरू करतो. नलूच्या लग्नाच्या पंगतीत मेळघाटातल्या रेल्वेवरून आपलं वाजलं, त्याला चार वर्षं झाली. जिलबी हातात धरून तू म्हणाला होतास, ‘तुला वाघापेक्षा डबे प्यारे.’ त्यानंतर तू फोन केला नाहीस आणि मी तर मुळीच नाही. माझी शुगर आहे तिथंच आहे, गुडघे कुरकुरायलेत, बाकी बरं.

लिहायचं कारण आमचे अण्णा, जुने रेल्वे गार्ड. अकोल्याहून अकोटला गाडी सुरू आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. ती २०२२ पासूनच धावते, पण घरात आम्ही मुद्दाम विषय काढत नव्हतो. झालं. ‘मला नेऊन आण.’ सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, पण अकोटच्या पुढच्या वान रोड स्टेशनाचा सिग्नल कुठल्या अंगाला होता ते तोंडपाठ. नेलं. हिंगोली, वाशिम करत अकोला, तिथं गाडी बदलून पुढं अकोट, ४४ किलोमीटर. सगळा वेळ खिडकीला चिकटून बसले होते.

अकोटला डबा रिकामा झाला. अण्णा उठेनात. म्हणाले, ‘क्रॉसिंग असेल. समोरची आल्याशिवाय टोकन मिळत नसतं.’ टोकनचा गोळा हातात पडल्याशिवाय एकेरी लाइनीवर गाडी हलत नाही, हे तुला-मला पाळण्यातच शिकवलेलं. पण तिथून पुढं जायला गाडीच नाही, हे त्यांना कुणी सांगायचं? मी म्हणालो, ‘हो, क्रॉसिंगच आहे.’ बसलो. चहावाल्यानं दोनदा चहा दिला. मग गाडी निघाली, अर्थातच अकोल्याकडं. अण्णा बराच वेळ बाहेर बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, ‘उलटी का निघाली रे?’ मी म्हणालो, ‘इंजिन दुसऱ्या टोकाला लावलंय.’ विनातिकीट माणसाकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. (तिकीट गार्ड तपासत नाही, टीसी तपासतो, माहितीये मला. निदान पत्रात तरी चुका काढू नकोस.)

तेव्हापासून झोप नाही बघ. आपण गेलो होतो तो ओंकारेश्वरचा प्रवास आठवतोय. अण्णांचा पास, तुझ्या आईच्या दशम्या, आणि धूळघाटात गाडी वेटोळं घेऊन स्वतःच्याच रुळावरून वरती जायची तेव्हा तू ‘वाघ, वाघ’ म्हणून अख्खा डबा उठवला होतास. रेडकू निघालं होतं ते. जयपूरची मीनाक्षी इथून सुटायची तेव्हा उरुसाला अजमेरला जाणारे आपल्या प्लॅटफॉर्मवर चादरी पसरून झोपायचे. पूर्णेत बसलेला माणूस खांडवा, इंदूर, रतलाम करत थेट राजस्थानात उतरायचा. आता पूर्णा-अकोला मीटरगेजचं रुंद ब्रॉडगेज झालं, २००८ मध्येच. तिकडून खांडव्याकडूनही काम सरकलं. मधला सातपुड्याचा तुकडा तेवढा १ जानेवारी २०१७ पासून मुका. अकोला-खांडवा पावणेदोनशे किलोमीटरचं अंतर, त्याला आता भुसावळचा वळसा. म्हणजे कोपरापर्यंत हात आहे, पंजा आहे, मनगट नाही.

आणि हे मनगट नेमकं तुझ्या मेळघाटात. तुझं म्हणणं तेव्हा मी ऐकून घेतलं नाही, आता कबूल करतो. निम्मंच हं. जुनी गाडी घाटात बैलगाडीसारखी चढायची, तिला जनावरंही ओळखत असतील. ब्रॉडगेजचं तसं नाही. वेग वेगळा, रात्रंदिवस वर्दळ, आणि धूळघाटची ती वळणं रुंद गाडीला झेपणारीही नाहीत. म्हणजे ‘जुनाच रस्ता तयार आहे’ हे आमचं पालुपद खोटंच होतं. डोंगर नव्यानं फोडावाच लागला असता. बाहेरून, हिवरखेड-सोनाळा-जामोदच्या अंगानं लाइन नेली तर बुलडाण्याच्या ज्या गावांनी रूळ बघितला नाही त्यांनाही गाडी मिळते. लांब पडेल, पडू दे.

पण माझं निम्मं तू कबूल कर. बाहेरून न्यायची म्हणून वर्षानुवर्षं न्यायचीच नाही, ही कसली वाघाची काळजी? तुम्ही लातूरकरांनी तरी मला ‘गाडी कशाला’ म्हणू नये. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची गाडी आली ती कुठल्या वाटेनं? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. ही सगळी अडीच फुटी बार्शी लाइटची वाट. १९११ मध्ये ती लातूरला पोचली, मिरजेला १९२७ मध्ये. रूळ रुंद झाले, उस्मानाबादसाठी रस्ता थोडा वळला, पण वाट कुणी मोडली नाही. छोट्या लाइनीला परवडत नाही म्हणून टाकून दिलं असतं तर त्या उन्हाळ्यात तू घागर घेऊन कुठं उभा राहिला असतास?

इथं पुढच्या आठवड्यात निवेदन द्यायचं ठरलंय. मसुदा माझ्या गळ्यात. बैठकीत दोन तट पडलेत. अर्ध्यांना अजून जंगलातूनच हवी, ‘लवकर होईल’ म्हणून. मी ‘बाहेरून न्या, पण तारीख सांगा, आणि पूर्णेहून थेट गाड्या सोडा’ असं लिहिलंय, तर एक जण म्हणाला, ‘तुम्ही गार्डाचे पोरगे का फॉरेस्टवाल्याचे?’ हे ऐकून तू खूश होशील म्हणून मुद्दाम सांगितलं.

मसुदा सोबत जोडलाय. तुझ्या त्या मास्तरी लाल पेनानं तपास आणि लगेच परत धाड. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणे, आता दिसत असेल त्यांना तू कसा दिसतोस ते. नलू बरी? पुण्यातच ना अजून?

आणि एक. परळी-परभणी करत इकडं ये एकदा. अण्णा रोज संध्याकाळी विचारतात, ‘क्रॉसिंग झाली का?’ मी रोज ‘व्हायलीय’ म्हणतो. पुढं लाइन नाही हे माझ्या तोंडून निघत नाही. तू सांग. लहानपणापासून ते तुझंच ऐकतात, रेडकाचा वाघसुद्धा त्यांनी ऐकून घेतला होता.

तुझाच,
बंड्या