खुर्च्या दोन, बसणारा एक

महोदय,

चवथ आली की गोव्यातल्या भागधारकांच्या ईमेलवर कंपन्यांचे वार्षिक अहवाल येऊ लागतात. लाभांशाचा आकडा दिसला की बहुतेकांचे वाचन संपते. कॉर्पोरेट गव्हर्नन्सचे पान उघडून अध्यक्ष, म्हणजे संचालक मंडळाचा प्रमुख, कोण आणि रोजचा कारभार चालवणारा व्यवस्थापकीय संचालक कोण, एवढे तरी पाहावे.

शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०१८ मध्ये बाजारमूल्याने पहिल्या ५०० कंपन्यांना ही पदे वेगळी करायला सांगितले होते. दोघे एकमेकांचे नातेवाईक नसावेत, ही त्यातली खरी बोचणारी अट. मुदत २०२० ची २०२२ झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये नियमच ऐच्छिक झाला. खुर्ची सोडायची की नाही, हे आता बव्हंशी प्रमुखाच्या स्वभावावर.

स्वभाव अहवालातही दिसतो. चॅटर्जी आणि हॅम्ब्रिक या अभ्यासकांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या संगणक कंपन्यांच्या प्रमुखांचा मीपणा त्यांना काही न विचारताच मोजला: अहवालातला फोटो केवढा, प्रसिद्धिपत्रकांत नाव किती ठळक, मुलाखतीत ‘मी’ किती वेळा, पगार दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याच्या किती पट. मीपणा जास्त तिथे कंपन्या विकत घेण्याची हौस जास्त आणि निकालांत चढउतारही मोठे. सरासरी कामगिरी मात्र इतरांसारखीच निघाली.

असा माणूस अध्यक्षही असला, तर मंडळाच्या बैठकीत आयत्या वेळचा विषय त्याच्या परवानगीशिवाय येत नाही, मते समसमान पडली तर सहसा निर्णायक मत त्याचेच आणि इतिवृत्तावर सहीही त्याचीच. अप्रस्तुत म्हणून कोणता मजकूर इतिवृत्तातून गाळायचा, हेही कंपनी कायद्याच्या कलम ११८ नुसार तोच ठरवतो. तोट्याच्या तिमाहीचा जाब मग विचारायचा कोणी? बुडता कारखाना एकहाती कारभाराने तरतोही. पण संकट टळल्यावर दुसरी खुर्ची आपणहून रिकामी करणारे विरळा.

आपल्याकडच्या घराण्यांच्या कंपन्यांत वडील अध्यक्ष, मुलगा व्यवस्थापकीय संचालक. खुर्च्या दोन, पण सभा जेवणाच्या टेबलावरच उरकलेली. म्हणूनच शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीचा अध्यक्ष कार्यकारी असो वा प्रवर्तकांपैकी (कंपनी ज्यांच्या ताब्यात त्यांच्यापैकी), मंडळात निम्मे स्वतंत्र, म्हणजे कंपनीत हितसंबंध नसलेले, संचालक लागतात. एरवी एक तृतीयांश पुरतात. डोकी मोजताना त्यांची मुदतही मोजावी: पाच-पाच वर्षांच्या सलग दोनच. दुसरीला भागधारकांचा विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने. त्यासाठीचे ई-मतदान किमान तीन दिवस खुले असते आणि भागधारकांच्या सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होते.

— एक कंपनी सचिव, फोंडा