रजिस्टरवाल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही फोनवर बजावलंत, म्हणून नुसतं ताईच लिहिते. सहायक प्राध्यापक म्हणून परवा कायम झाले. गाईडचे, आईबाबांचे आभार मानून झाले; तुमचे जाहीरपणे राहिले होते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून बायोइन्फर्मॅटिक्सची, म्हणजे जीवशास्त्राचा डेटा संगणकावर तपासण्याची, एमएस्सी करून तुमच्या लॅबमध्ये आले, तेव्हा मला आर, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा येत होत्या, जनुकांच्या डेटासाठीच्या बायोकंडक्टर या सॉफ्टवेअर-संग्रहाची पॅकेजं तोंडपाठ होती. रक्ताची नळी मात्र कधी हातात धरली नव्हती.

पहिलाच आरएनए-सीक्वेन्सिंगचा, म्हणजे कुठलं जनुक किती चालू आहे त्याचा, डेटा आला. पीसीएच्या आलेखात (त्यात एकसारखे नमुने जवळजवळ दिसतात) रुग्णांचे ठिपके एका बाजूला, निरोगी लोकांचे दुसऱ्या. लॅब मीटिंगमध्ये पेढे वाटायचेच बाकी होते. माणसाच्या रक्तात इतकं सुबक सहसा दिसत नाही, म्हणून नमुन्यांची यादी घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही कपाटातून ते लाल कापडी बांधणीचं रजिस्टर काढलंत. तारीख, किटचा लॉट नंबर, आरएनए कोणी काढला, आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे त्याचा आकडा) किती आला, फ्रीझर कधी बंद पडला, सगळं निळ्या शाईत. ओळींवरून बोट फिरवत म्हणालात, "हे बघ, पेशंटचे सगळे जूनमध्ये झाले, जुन्या लॉटवर. नॉर्मलचे सगळे दिवाळीनंतर, नव्या लॉटवर."

झालं! यातला फरक आजारामुळे कुठला आणि बॅचमुळे, म्हणजे नमुने वेगवेगळ्या वेळी, वेगळ्या लॉटवर केल्यामुळे, कुठला, हे आता असे फरक वेगळे काढणारी लिमा काय नि कॉम्बॅट काय, कुठलीच सॉफ्टवेअरं सांगू शकणार नव्हती. प्रत्येक बॅचमध्ये दोन्ही गटांचे नमुने असले तरच बॅचचा फरक वेगळा काढता येतो. आम्हाला मिळालेल्या एक्सेलमध्ये तर तारखेचा रकानाच नव्हता. (नको तिथे एक्सेल तारखा घालतं ते वेगळंच. सेप्ट-१ नावाच्या जनुकाचा ते १ सप्टेंबर करायचं. शेवटी २०२० मध्ये अशा जनुकांचीच नावं बदलावी लागली.)

तुम्ही उणे ८० च्या फ्रीझरमधून राखीव नळ्या शोधून काढल्यात आणि प्रत्येक बॅचमध्ये दोन्ही गटांचे नमुने घेऊन आरएनए पुन्हा काढलात, शनिवारी सुट्टी मोडून. नव्या आलेखातले ठिपके एकमेकांत मिसळले. हाती लागली ती मोजकीच जनुकं, पण टिकणारी. माझा प्रबंध त्यांच्यावरच उभा आहे.

त्या पेपरात तुमचं नाव शेवटच्या आभाराच्या ओळीत गेलं. कोड लिहिणारा लेखक होतो आणि नमुने जपणाऱ्याच्या वाट्याला ‘तांत्रिक साहाय्य’ येतं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, पण पीएचडीच्या विद्यार्थिनीला विचारतो कोण? आता गट माझा आहे. येणारं प्रत्येक पोर आधी पंधरा दिवस बेंचवर बसतं, मगच लॅपटॉप उघडतं. कुरकुरतात, पण बसतात.

उरलेल्या नमुन्यांवरच्या नव्या पेपरात तुमचं नाव लेखकांमध्ये दुसरं आहे. मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. पद्धतींचा भाग नीट तपासा, नावाचं स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणे कळवा आणि या आठवड्यात ऑर्किड आयडी (संशोधकांचा ऑनलाइन ओळख क्रमांक) काढून ठेवा. जमलं नाही तर लेकाला बसवा, पाच मिनिटांचं काम आहे.

तुमची विद्यार्थिनी