रेफरल चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्डावरच्या संशोधनाला पैसा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी रुग्णवाहिका, नवी इमारत, नवं ॲप यांच्या बातम्या आपल्या पानांवर नेहमी वाचतो. राज्यात १०८ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, हे चांगलंच झालं. गाडी किती मिनिटांत आली हे मोजलं जातं. गाडीतून उतरलेल्या रुग्णाबरोबर त्याची माहितीही उतरली का, हे कुणी मोजत नाही, आणि मोजायचं म्हटलं तर त्यासाठी पैसे मिळत नाहीत.

एक उदाहरण देतो. झटके आलेल्या गरोदर बाईला पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन वर पाठवायचं असतं : एकूण १० ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, सुई खोल. चिठ्ठीवर मात्र अनेकदा एवढंच असतं, ‘पुढील उपचारांसाठी रेफर’. डोस दिला का, किती आणि किती वाजता, याचा पत्ता नसतो. मेडिकल कॉलेजातल्या रेसिडेंट डॉक्टरने पुन्हा पूर्ण डोस द्यावा, तर औषध जास्त होऊन गुडघ्याचा रिफ्लेक्स (ठोकल्यावर पाय उडणं) जाऊन श्वास मंदावण्याची भीती. थांबावं, तर पुन्हा झटका. नातेवाइकांना विचारलं तर ‘दोन सुया दिल्या’ एवढंच कळतं.

मोठ्या रुग्णालयातून घरी, खाली येतानाची गत याहून वाईट, कारण तिथे विचारायलाही कुणी नसतं. सीटी स्कॅनसाठी शिरेतून देतात त्या डायमुळे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी थांबवतात. ४८ तासांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहून ती परत सुरू करायची असते, पण तोवर रुग्णाला सुट्टी झालेली असते आणि कार्डावर गोळीचं नावच नसतं. महिन्यांनी साखर ३००च्या वर सापडते. सरकारी औषधालयातून रक्तदाबाची ‘टेल्मिसार्टन’ मिळते, घरी त्याच औषधाची कंपनीच्या नावाची पट्टी पडलेली असते. आजोबा दोन्ही घेतात आणि रात्री बाथरूममध्ये पडतात. लघवीची नळी घालून घरी पाठवलेल्याच्या कार्डावर नळी काढायची तारीख नसते. कार्ड इंग्रजीत आणि सुट्टी शनिवारी संध्याकाळी, म्हणजे सोमवारपर्यंत विचारायची सोय नाही.

उपाय माहीत आहे, औषध-जुळवणी. भरती होण्याआधीच्या, वॉर्डातल्या आणि कार्डावरच्या औषधांच्या याद्या शेजारी ठेवायच्या, प्रत्येक गोळीपुढे ‘चालू’, ‘बंद’ किंवा ‘डोस बदलला’ आणि त्याचं कारण लिहायचं. एका रुग्णामागे वीसेक मिनिटं जातात. ती कुणाची, फार्मासिस्टची की नर्सची? चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्रपाळीला दोन नर्स असताना हे जमतं का? ॲपवर केलं तर वेळ वाचतो की वाढतो? याची उत्तरं बैठकीत मिळत नाहीत, त्यासाठी अभ्यास लागतो.

अभ्यास म्हणजे तुलना, हेही सांगायला हवं, कारण या विषयात नुसत्या सद्भावनेने बरीच फसगत केली आहे. अमेरिकेत कोलोरॅडोत ७५० रुग्णांवर झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्ण व घरच्यांना मार्गदर्शक नर्स दिल्यावर ३० दिवसांत पुन्हा भरती होणारे ११.९ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आले. त्याच देशात कॅम्डेन शहरातला, सतत भरती होणाऱ्यांसाठीचा प्रसिद्ध कार्यक्रम, कुणाला त्यात घ्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवून, पारखला; २०२० मध्ये निकाल आला, तेव्हा दोन्ही गटांत सहा महिन्यांतलं पुन्हा भरतीचं प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपासच निघालं. आधी फक्त कार्यक्रमातल्यांचे आकडे पाहिले जात होते. फार आजारी माणूस पुढे काहीसा सावरतोच, त्याचं श्रेय कार्यक्रमाला जात होतं.

आपल्याकडेही असा धडा आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला घरच्यांनीच व्यायाम द्यावेत, ही कल्पना १४ भारतीय रुग्णालयांत १२५० रुग्णांवर तपासली गेली. सगळ्यांना ती पटली होती, पण सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच निघाले. हे २०१७ मध्ये कळलं आणि पैसा ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन परिषदेचा होता. भारतीय घरांविषयीचा प्रश्न ऑस्ट्रेलियाच्या करदात्याने सोडवावा, हे जरा खटकतं.

पैसा योग्य जागी लागला तर काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याचं डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचं गडचिरोलीतलं काम ३९ गावांत झालं, तुलनेला ४७ गावं होती. १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आले, २०११ पासून देशभरात आशाताई बाळाच्या घरी जाऊ लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ हे दिवस ठरलेले आहेत. हार्ट अटॅकमधून उठलेल्या माणसासाठी असा एकही दिवस ठरलेला नाही.

राज्य सरकारने नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठामार्फत तीन वर्षांचा स्वतंत्र निधी ठेवावा. सुधारित रेफरल चिठ्ठी व औषध-जुळवणी एकदम राज्यभर लागू करू नये. तालुक्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, म्हणजे वंचित कुणी राहत नाही आणि आपोआप तुलना होते. पुन्हा भरती मोजताना रुग्णालयाचं रजिस्टर पुरत नाही, कारण दुसऱ्या वेळी माणूस बहुधा जवळच्या खासगी दवाखान्यात जातो. सातव्या आणि तिसाव्या दिवशी घरी फोन करावाच लागतो. मृत्यूही त्याच तक्त्यात धरावेत, नाहीतर जो गेला तो ‘पुन्हा भरती झाला नाही’ म्हणून यशात मोजला जाईल. खर्च मुख्यतः माणसांवर होईल : नर्स, फोन करणारे, प्रवास. अंदाजपत्रकाला कात्री लावताना पहिला हात याच रकान्यावर पडतो, तिथे सांभाळावं. आणि निधीचा शेवटचा हप्ता अहवाल जाहीर झाल्यावरच द्यावा, उपाय फसल्याचं त्यात निघालं तरी.

आपले विश्वासू,
सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील काही वाचक, नागपूर