आधी औषध, मग आमेन

आदरणीय पाळकसाहेब,

सलाम.

हे तुमच्यासमोर बसून बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय. आणि चारचौघांत लिहितोय, कारण यकृत किंवा किडनी बदललेलं लेकरू ज्या घरात आहे, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं वाटतं.

आमच्या लेकराचं यकृत बदललं, त्या ऑपरेशनबद्दल काही लिहीत नाही. ते पुण्यात झालं, आणि ज्यांनी केलं त्यांच्यासाठी आम्ही रोज प्रार्थना करतो. तुमचे आभार आहेत ते त्यानंतरच्या दिवसांसाठी.

त्या संध्याकाळी तुम्ही आत आला नव्हता. तोंडाला मास्क, उंबऱ्याबाहेर सतरंजी, तिच्यावर तुम्ही गुडघे टेकलेले. प्रार्थना चांगली रंगली होती. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले आणि तुम्ही वाक्य अर्ध्यावर सोडलंत. डोळे उघडून म्हणालात, "आधी औषध घे बाळा, मग आमेन म्हणू." लेकराने कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर गिळली, आणि तुम्ही सोडलेलं वाक्य तिथूनच पुढे उचललंत. दुसऱ्या दिवसापासून प्रार्थना पावणेआठला आणलीत. प्रार्थनेनंतरचा चहा-चिवडाही तुम्हीच बंद केलात. टॅक्रोलिमस, म्हणजे त्या कॅप्सूलमधलं औषध, उपाशीपोटी घ्यायचं असतं, खाण्याआधी एक तास किंवा खाल्ल्यावर दोन तासांनी. म्हणजे आठच्या डोससाठी सहाच्या आत खाऊ आणि नऊला जेवण. मोठी माणसं समोर चिवडा खात असताना पोराने नुसतं बघत बसावं, हे तुम्हाला पटलं नाही.

एवढ्याशा गोष्टीचं इतकं काय, असं कुणी विचारेल. नवं यकृत शरीर सहसा आपलं मानत नाही. त्याच्यावर तुटून पडणाऱ्या पेशींना हे औषध दाबून धरतं, पण रक्तातलं त्याचं प्रमाण एका अरुंद पट्ट्यात राहावं लागतं. कमी झालं तर शरीर यकृत नाकारतं, जास्त झालं तर किडनीला मार बसतो. म्हणून बरोबर बारा-बारा तासांनी. प्रमाण तपासायचं रक्तही सकाळच्या डोसच्या आधी द्यायचं. कॅप्सूल घेऊन मग रक्त दिलं तर आकडा फुगलेला येतो, त्यावर डोस कमी केला जातो, आणि लेकरू कुणाच्या लक्षात न येता अपुऱ्या औषधावर राहतं.

तुमच्याआधी एक बंधू बाहेरगावाहून येऊन गेले होते. डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली आणि जाताना म्हणाले, "देवाने बरं केलंय, आता गोळ्या चालू ठेवणं म्हणजे अविश्वास." ते शब्द अजून बोचतात. कारण यकृत नाकारलं जात असताना सुरुवातीला बऱ्याचदा बाहेरून काहीही दिसत नाही. ताप नाही, दुखणं नाही, पोर हसतं-खेळतं. फक्त रक्ताच्या रिपोर्टात एसजीओटी आणि एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारे आकडे, चढलेले असतात. डोळ्यांत पिवळेपणा उतरेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. मूल हसतंय म्हणून औषध थांबवा असं सांगणाऱ्याला याचा जाब कुणी विचारत नाही, तो आईबापांच्या पदरात पडतो. तुम्ही त्या बंधूंविरुद्ध एक शब्द काढला नाहीत. रविवारी उपासनेत एवढंच म्हणालात की रोज वेळेवर गोळी देणं हीसुद्धा त्या घराची प्रार्थनाच आहे. त्यानंतर आम्हाला कुणी अविश्वासी म्हटलं नाही.

प्रेमाने येणाऱ्यांनाही तुम्हीच आवरलंत. सोलापुरात आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे हातात सांगोल्याची डाळिंबं हवीतच. पण ग्रेपफ्रूट आणि पपनस या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढवतात, आणि डाळिंबही टाळायला सांगितलेलं आहे. कुणी गुळवेलीचा काढा आणला, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. इथे तर ती शक्ती औषधाने मुद्दाम खाली ठेवलेली, आणि गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तुम्ही पिशव्या दारातच घेतल्यात, आणणाऱ्याला हात जोडलेत, आणि ती फळं शेजारच्या मुलांत वाटलीत. कुणाचं मन दुखावलं नाही. ते आम्हाला जमलं नसतं.

संडे स्कूलच्या पालकांना तुम्ही दिलेली सूचना तर डॉक्टरांनी लिहून द्यावी तशी होती. अंगावर पुरळ दिसलं की त्याच दिवशी फोन करा, मग रविवार असो की नसो. कांजिण्यांची लागण पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच होते, म्हणून पुरळ दिसल्यावर मुलाला घरी ठेवलं एवढ्याने भागत नाही, आधी कोण कोण जवळ बसलं होतं ते कळावं लागतं. अशा लेकराला संपर्क आल्यावर जे संरक्षक इंजेक्शन द्यायचं असतं ते पहिल्या चार दिवसांत दिलेलं उत्तम. एका आईने खरंच फोन केला. त्यांचं मूल आणि आमचं लेकरू त्या रविवारी वेगवेगळ्या वर्गात होती, देवाची कृपा. पण त्या बाईंनी लाजून गप्प न बसता फोन केला, हे तुमच्या सांगण्यामुळे. त्यांचेही आभार. अशी माणसं आहेत म्हणून माणुसकीवर भरवसा ठेवावासा वाटतो. मोठं काही करत नाहीत, वेळेवर एक फोन करतात.

आणखी एक. ज्या घराने आपल्या माणसाच्या मरणाच्या दिवशी अवयव दिले, त्या घराचं नाव आम्हाला कळलेलं नाही. ते कळू दिलं जात नाही. त्यांचा धर्म कोणता, गाव कोणतं, काही माहीत नाही. तुम्ही मात्र प्रत्येक प्रार्थनेची सुरुवात त्या घरापासून केलीत, आमच्या लेकराचं नाव त्यानंतर घेतलंत. आनंदाच्या भरात आम्ही त्यांना विसरलो होतो, पाळकसाहेब. तुम्ही विसरू दिलं नाहीत.

डॉक्टरांनी आता उपासनेला यायला परवानगी दिली आहे. मास्क लावून, हस्तांदोलन न करता. दाराजवळचा, वारा येणारा बाक तुम्ही राखून ठेवतो म्हणालात, तो ठेवा. रविवारी कॅप्सूल आठला, नाश्ता नऊला. साडेनऊच्या घंटेला आम्ही बाकावर असू.

तुमच्या मंडळीतलं एक कुटुंब,
सोलापूर