बॅटरी बदलण्याआधी व्होल्टेज मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरण्याच्या तक्रारी वाढतात. वायपर, हेडलाइट आणि काचेवरची वाफ घालवणारा पंखा एकाच वेळी चालू राहत असल्याने चार्जिंगमध्ये दडलेला दोष नेमका याच दिवसांत उघडा पडतो. अशा वेळी बहुतेक ठिकाणी कोणतीही मोजणी न करता ‘बॅटरी गेली’ असे सांगून नवी बॅटरी बसवली जाते. मूळ दोष तसाच राहिल्यामुळे तीही काही महिन्यांत निकामी होते आणि ग्राहकाला पुन्हा चार-पाच हजार रुपयांचा भुर्दंड बसतो. याविषयी आपल्या वृत्तपत्रातून वाहनधारकांचे आणि मेकॅनिक बांधवांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र.

व्होल्टेज मोजणाऱ्या साध्या मल्टीमीटरने हा प्रश्न बराचसा सुटतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर चांगल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज साधारण १२.६ दिसते. इंजिन सुरू झाल्यावर तेच १३.८ ते १४.५ च्या दरम्यान गेले पाहिजे आणि हेडलाइट व पंखा लावल्यावरही १३.५ च्या खाली फारसे उतरता कामा नये. इंजिन चालू असूनही आकडा १२.५ च्या आसपासच घुटमळत असेल, तर दोष बॅटरीत नसून चार्जिंगमध्ये आहे. उलट तो १५ च्या पुढे गेला तर चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीतील पाणी उकळून चालले आहे, असे समजावे.

चार्जिंग होत नाही म्हणजे अल्टरनेटरच (इंजिनवर फिरून वीज तयार करणारे यंत्र) बदलायला हवा, असेही नाही. आमच्या घरच्या जुन्या जीपमध्ये एकामागून एक बॅटऱ्या बदलूनही त्रास थांबेना, तेव्हा एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनने लाइट लावून दोन ठिकाणी मीटर धरला. अल्टरनेटरवर १४.४ आणि बॅटरीवर जेमतेम १२.८! मधल्या वायरीत दीड व्होल्टहून अधिक घट होत होती. अल्टरनेटरच्या मागच्या बोल्टवरची रबरी टोपी सरकवली, तर आतले थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, हिरवे पडलेले आणि वायरीच्या तारांपैकी मोजक्याच शाबूत होत्या. कोकणच्या खाऱ्या हवेत असे घडणे नवलाचे नाही. नवे थिंबल आणि हातभर जाड वायर एवढ्यावर काम भागले. या वायरीत ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर जोड साफ करावेत. अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामध्येही मीटर धरून अर्थिंग तपासावे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटर जागा करणारा सुरुवातीचा प्रवाह डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या लाल दिव्यातूनच जातो. तो बल्ब उडालेला असला की गाडी चांगली रेस करेपर्यंत चार्जिंग सुरूच होत नाही. इंजिन बंद असताना चावी फिरवल्यावर हा दिवा लागतो का, एवढे पाहायला पैसे पडत नाहीत. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा सैल असणे आणि त्याच्या आतले कार्बन (ब्रश) झिजणे ही कारणे तर नेहमीचीच आहेत.

मात्र एका प्रथेविषयी कळकळीने लिहावेसे वाटते. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढायचे आणि गाडी बंद पडली नाही तर ‘चार्जिंग बरोबर आहे’ असे म्हणायचे, ही पद्धत आजही सर्रास दिसते. जुन्या फियाट आणि अ‍ॅम्बॅसडरमध्ये अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असत, तेव्हा ती बहुधा खपून जाई. अल्टरनेटरच्या गाडीत मात्र बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभरासाठी कित्येक पटींनी उसळू शकते आणि अल्टरनेटरचे डायोड, रेग्युलेटर, असल्यास इंजिनचा ईसीएमही (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) जळू शकतो. शिवाय गाडी चालू राहिली म्हणून चार्जिंग पुरेसे आहे हे सिद्ध होत नाही, कारण बॅटरी भरायला व्होल्टेज किती मिळते हे त्यातून कळतच नाही. धडधाकट अल्टरनेटर तपासणीतच मारला जावा, हे थांबलेच पाहिजे.

माझी सूचना साधी आहे. बॅटरी किंवा अल्टरनेटर बदलण्यापूर्वी गॅरेजने बिलावर तीन आकडे लिहून द्यावेत: इंजिन बंद असतानाचे व्होल्टेज, चालू असतानाचे आणि सर्व दिवे लावल्यावरचे. ग्राहकांनीही ते मागून घ्यावेत. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमात शिकणाऱ्या मुलांकडून ही तपासणी जुन्या, गंजलेल्या वायरिंगच्या गाड्यांवर करून घ्यावी, कारण बाहेर पडल्यावर त्यांच्या हाती अशाच गाड्या येणार आहेत.

आपला विश्वासू,
एक वाहनधारक, रत्नागिरी